हावऱ्या बॉयलर घडवणारा काएतान

काएतान मुशेलाकनं आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि त्या चोरीतून त्याचा कारखाना उभा राहिला.

एकोणऐंशी सालचा जानेवारी होता. पोलंडमधल्या ओल्शिनेक गावावर नव्या वर्षाच्या तोंडावर बर्फ पडायला लागला तो थांबेचना. आगगाड्या रुळांवर जागच्या जागी गोठल्या, खाणीतून कोळसा येईना. काएतान तेव्हा साखर कारखान्यात वेल्डर होता. लग्न नुकतंच झालेलं, राहायला सासूच्या घरी. घरात बायको बोग्ना, तिचा थोरला भाऊ सेवेरिन आणि सासू. तळघरात सरकारी बनावटीचा बॉयलर होता, पण त्याला चांगला दगडी कोळसाच लागायचा. दुसरं काही घातलं की नुसता धुमसायचा आणि विझायचा. वरच्या खोल्यांत गरम पाणी नेणारे नळ गार, भिंतींवरचे रेडिएटर गार, आणि सासू होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या अंगावर घेऊन दात वाजवत पडलेली.

तेव्हा काएतान आणि सेवेरिन घसरगाडी ओढत साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला गेले. तिथे काकवीची एक जुनी टाकी पडून होती. काएताननं तिचा जाड पत्रा कापायला घेतला आणि सेवेरिन कुंपणाशी पहाऱ्याला उभा राहिला.

"आटप ना लवकर! माझ्या मिशा गोठल्या," सेवेरिन कुजबुजला.

"गोठू देत. तोंड तरी बंद राहील."

त्या पत्र्याचा काएताननं जो बॉयलर जोडला तो दिसायला अगदीच ओबडधोबड होता. जाड भिंती, आणि पुढे हे एवढं मोठं दार. पण त्यात जे घालावं ते जळायचं. झाडाचा बुंधा, ओला भुसा, कोळशाची राख होत आलेली चुरी, मोडकी खिडकी. तळघरात तो पेटला आणि तासाभरात वरचे नळ टकटक वाजायला लागले. सासूनं गोधडीतून हात बाहेर काढून रेडिएटरला लावला.

"ह्याला काय हवं ते घाला, हा नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "अगदी माझ्या जावयासारखा."

सेवेरिननं त्याच दिवशी दारावर खडूनं त्याचं नाव लिहिलं. हावऱ्या.

पुढची दहा वर्षं कोळसा रेशनवर होता. कार्डावर मिळायचा तो अर्ध्या हिवाळ्यालाही पुरत नसे. त्यामुळे हावऱ्याची गोष्ट आगीसारखी पसरली. पहिलं गिऱ्हाईक समोरची ओतिलिया. तिचा नवरा रेल्वेत होता, तो नुकताच गेला होता, पदरात दोन मुली. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काएतान, माझ्याकडे पैसे नाहीत. हंस आहेत." हंसांच्या बदल्यात तिच्या तळघरात हावऱ्या बसला. त्या हिवाळ्यात तिच्या मुली घरात बाह्या वर करून फिरायच्या, आणि ओतिलिया भेटेल त्याला सांगायची, "ह्या माणसानं माझी पोरं वाचवली." काएतान ते ऐकून लाजायचा आणि रस्ता बदलायचा. पण ते शब्द त्यानं आत कुठेतरी जपून ठेवले. तो चार लोकांत बोलणारा माणूस नव्हता. आपण लोकांच्या घरात ऊब नेतो, एवढंच त्याला स्वतःबद्दल म्हणता यायचं, आणि त्याला ते पुरायचं.

परसातल्या पडवीत कारखाना सुरू झाला. काएतान पत्रा कापायचा, जोडायचा. सेवेरिन गिऱ्हाईकं आणायचा, पत्रा कुठून कुठून मिळवायचा. आणि दारं बोग्ना करायची. बॉयलरच्या दाराला आतून खाच असते. धूर बाहेर येऊ नये म्हणून त्या खाचेत न जळणारी दोरी ठोकून बसवावी लागते. ती दोरी दगडी कापसाची, ॲस्बेस्टॉसची. पांढरी, मऊ, हाताला लोकरीसारखी. बोग्ना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती मापानं कापायची, टोकं बोटांनी उसवायची आणि खाचेत दाबायची. तिच्याइतकं घट्ट दार कुणाचं बसत नसे. तिच्या केसांवर, पापण्यांवर, मांडीवरच्या फडक्यावर बारीक पांढरी लव बसायची. ती खिडकीत उभी राहून फडकं झटकायची.

"आमच्या बहिणीवर बारा महिने बर्फ पडतो," सेवेरिन म्हणायचा.

"मग झाडायला ये की. नुसता बोलतोस."

ती हसायची. फुंकर मारून नाकावरची लव उडवायची आणि पुढचं दार ओढायची. वितोल्द पोटात होता तेव्हाही ती दारं करत होती.

कम्युनिस्ट राजवट गेली आणि धंद्याला भरती आली. पडवीच्या जागी गावाबाहेर मोठी शेड उभी राहिली, फाटकावर मुशेलाक असं लोखंडी अक्षरांत लागलं, गावातली निम्मी पोरं तिथे कामाला लागली. मालमोटारी लिथुएनियापर्यंत जायच्या. दारं आता कामगार बसवायचे, दोरीही वेगळी आली होती, आणि बोग्ना घरी बसून कामगारांच्या बायकांची बाळंतपणं, मुलांची लग्नं सांभाळायची. प्रदर्शनांत सेवेरिनचा गाळा गर्दीनं फुललेला असायचा. "आमचा हावऱ्या काय खातो ते विचारू नका, काय खात नाही ते विचारा! तुमची सासू सोडून सगळं खातो. आणि मरत नाही. वीस वर्षांची हमी लिहून देतो, त्याआधी तुम्ही मराल!" लोक खो खो हसायचे आणि सह्या करायचे. एका वर्षी पोझनानच्या प्रदर्शनात असंच बोलता बोलता तो खुर्चीत बसला, आणि पुन्हा उठला नाही. गिऱ्हाईकाला वाटलं, हाही त्याचा विनोदच असेल.

सेवेरिन गेल्यावर कारखान्याचं तोंडच गेलं. वितोल्द शिकून इंजिनिअर झाला होता, त्यानं कारभार हातात घेतला. मुलगा हुशार होता, बापाशी आदरानं वागायचा. त्यानंच एक दिवस बापाला सांगितलं, "बाबा, हावऱ्या बंद करायला लागेल. धुराचा कायदा येतोय. असे बॉयलर बनवताही येणार नाहीत आणि विकताही येणार नाहीत."

"धूर तर सगळ्याच बॉयलरचा होतो."

"ह्याचा सगळ्यात जास्त होतो, बाबा. तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. हिवाळ्यात वारा पडला की ओल्शिनेकवर धुराचं पांघरूण पसरायचं. वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. पण धूर म्हणजे ऊब, अशीच काएतानची समजूत होती. लहानपणी धुराड्यातून धूर दिसला की घरात आई आहे असं वाटायचं. त्यानं मान हलवली आणि मुलाचं ऐकलं. कारखान्यानं नवे बॉयलर काढले. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारे, त्या गोळ्या आपोआप आत सरकवणारे, दाराऐवजी पडदा आणि बटणं असलेले. चांगले होते. काएतानला ते उघडून दुरुस्त करता यायचे नाहीत, पण चांगले होते. आपल्या राहत्या घरात मात्र वितोल्दनं गॅस घेतला. बाहेरदेशीचे पाहुणे यायचे, त्यांच्यासमोर तळघरातून फावडं घेऊन वर येणारा बाप बरा दिसत नाही, असं तो बोलला नाही. पण काएतानला ते कळलं.

बोग्नाला धाप लागायला लागली ती त्याच सुमारास. आधी जिन्यात, मग अंगणात, मग नुसती कणीक मळतानाही. ती म्हणायची, "वजन वाढलंय." वजन तर उतरत होतं. हिवाळ्यात खोकला सुरू झाला की वसंत येईपर्यंत जायचा नाही. शेवटी काएतान तिला पोझनानला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीण पोरसवदा होती, शांतपणे बोलणारी. तिनं फिल्म काचेवर लावून बराच वेळ पाहिली.

"तुम्ही काय काम करत होतात?"

"काही नाही. घरीच असायची मी," बोग्ना म्हणाली.

"कुठल्या गिरणीत? बांधकामावर? सिमेंटचे पत्रे वगैरे?"

"नाही हो. घरी. बॉयलरची दारं तेवढी करायची, दोरी बसवायची."

डॉक्टरीण वळली. "कसली दोरी?"

बोग्नानं बोटांनी दाखवलं, कशी कापायची, कशी उसवायची. सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा अभिमानच होता. डॉक्टरणीनं लिहिणं थांबवलं. मग तिनं सांगितलं की त्या दोरीच्या लवेनं फुप्फुसाचं अस्तर दगडासारखं जाड झालंय, ते आता सुटणार नाही. जपायचं. थंडी टाळायची, संसर्ग टाळायचा आणि धूर तर अजिबात नको.

परतीच्या वाटेवर, गाव जवळ आल्यावर बोग्ना म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत होतं."

काएतानला माहीत नव्हतं हे खरंच होतं. कुणालाच नव्हतं, निदान ओल्शिनेकमध्ये नव्हतं. पण दोरीची गुंडाळी पहिल्यांदा त्यानंच तिच्या टेबलावर आणून ठेवली होती. त्या दिवसापासून तो त्या टेबलाशी जेवायला बसेना. बशी घेऊन उभा राहायचा किंवा खिडकीच्या फळीशी जायचा. बोग्ना विचारायची तेव्हा म्हणायचा, पाठ दुखते.

जे होऊन गेलं त्याच्याशी भांडता येत नाही. म्हणून तो धुराशी भांडायला निघाला. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांत हावऱ्या होते, सगळे त्याच्याच हातचे. एकेका घरी जाऊन तो सांगायला लागला, जुना काढा, मी नवा बसवून देतो, माझ्या खर्चानं. लोक चकित व्हायचे, मग हसायचे. कोपऱ्यावरचा सुतार इग्नात्सी तर अंगणातूनच ओरडला, "वीस वर्षांची हमी दिली होतीस! पस्तीस झाली, मोडत नाही रे तुझा मेला. आधी मोडून दाखव, मग बदलतो."

"इग्नात्सी, बोग्नाला श्वास घेता येत नाही."

सुताराचं हसू मावळलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "वाईट झालं रे. पण तुझा नवा लाडका गोळ्या मागतो. माझ्याकडे भुसा आहे, ढलप्या आहेत, फुकटच्या. मी गोळ्या कुठून आणू? तुझ्या घरी गॅस आला, आणि आमच्या घरी तुझा हावऱ्या राहिला. आता तो पण काढ म्हणतोस."

तरी आधी दोघातिघांनी ऐकलं, मग हळूहळू बाकीच्यांनी. पुढे सुतारानंही ऐकलं, बायकोनं धारेवर धरलं म्हणून. राहिली ओतिलिया. तिचं घर अगदी समोर, आणि वारा बहुतेक दिवस तिकडूनच यायचा. तिच्या धुराड्यातून जे निघायचं ते थेट बोग्नाच्या खिडकीवर येऊन बसायचं. ओतिलियानं आता ऐंशी ओलांडली होती. एक मुलगी वारली होती, दुसरी दूर देशी. ही बाई जळणावर पैसा खर्च करत नसे. मोडक्या खुर्च्या, रस्त्यावरच्या फांद्या, जुने बूट, जे हाताला लागेल ते हावऱ्याच्या तोंडात.

काएतान तिच्याकडे गेला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"ओतिलियाबाई, तुमच्याकडे गॅस बसवून देतो."

"मला कशाला गॅस? मी काय हॉटेल काढलंय?"

"बसवायचा खर्च माझा. महिन्याचं बिलही माझं."

तिनं सुरी खाली ठेवली. "बोग्नासाठी?"

"हो."

तिनं समोरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे बोग्ना उशीला टेकून बसलेली दिसत होती. "तसं आधी बोलायचंस ना, पोरा. मला वाटलं, मी म्हातारी झाले म्हणून मला आग घालायचा कंटाळा आलाय असं तू ठरवलंस. काढून ने तुझं भूत."

त्या उन्हाळ्यात तिच्या तळघरातून हावऱ्या निघाला. निघेना म्हणून त्याला दारासकट तिरका करावा लागला. कारखान्याच्या आवारात भंगाराच्या ढिगाशी तो नेऊन टाकला. पुढचा हिवाळा गल्लीतला पहिला स्वच्छ हिवाळा होता. बोग्नाचा आजार काही मागे गेला नाही, पण ती अधूनमधून खिडकी उघडायची. समोरून ओतिलिया हात करायची. एकदा ती खसखशीचा केक घेऊन आली, सगळी खोली पाहून म्हणाली, "आता तुमच्या पडद्यांचा रंग कळतो."

आणि मग कारखाना बुडाला. कसा बुडाला हे वितोल्दला विचारलं तर तो तासभर सांगेल. शेजारच्या देशात युद्ध पेटलं, भुशाच्या गोळ्यांचे भाव आभाळाला भिडले, लोकांनी गोळ्यांच्या बॉयलरकडे पाठ फिरवली, सरकारी मदत आज एकाला तर उद्या दुसऱ्याला. ज्या वर्षी कारखान्यानं सगळ्यात जास्त बॉयलर बनवले त्याच वर्षी सगळ्यात कमी विकले गेले. शेड काठोकाठ भरली. नव्या कोऱ्या, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या रांगाच्या रांगा. नाताळाच्या आधी कामगारांना घरी पाठवलं. फाटकाशी उभा राहून काएताननं प्रत्येकाशी हात मिळवला. एक जण म्हणाला, "साहेब, माझ्या बापालाही तुम्हीच कामावर घेतलं होतं." तो आभार मानत होता की दोष देत होता, हे काएतानला कळलं नाही.

जानेवारीत कोर्टाचा माणूस आला. त्यानं शेडला कुलूप लावलं, मालावर सील लावलं. वितोल्दनं कर्जाला बापालाही जामीन ठेवलं होतं, त्यामुळे काएतानचं खातंही गोठलं. घरखर्चापुरतं तेवढं सुटायचं, ते बोग्नाच्या औषधांत आणि प्राणवायूच्या यंत्रात संपायचं. ओतिलियाचं गॅसचं बिल त्याच्या खात्यातून जायचं, ते जायचं बंद झालं. त्या गडबडीत त्याच्या हे ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते बोग्नाच्या. कडाक्याची थंडी पडली होती, उणे पंधरा वगैरे. ती खिडकीतून म्हणाली, "काएतान, ओतिलियाच्या काचेवर फुलं उमटलीत."

"असतील. थंडी आहे."

"आतून उमटलीत रे. आतून बर्फ धरलाय. जा, बघून ये."

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात गेल्या गेल्या त्याला स्वतःचा श्वास वाफेसारखा दिसला. ओतिलिया नवऱ्याचा जुना रेल्वेचा ओव्हरकोट घालून, डोक्यावर फरची टोपी ओढून पलंगावर बसली होती. पायांशी गरम पाण्याची बाटली, तीही थंड झालेली. बोटं निळी पडली होती. रेडिएटरला हात लावला तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीसारखा गार.

"ओतिलियाबाई! हे काय? गॅस बंद का केलात?"

"बिल आलं," ती म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. "मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग बंद केला."

"ते मी भरतो म्हणालो होतो!"

"म्हणाला होतास. मला ऐकू आलंय गावात काय झालं ते. तुझ्या घरात औषधाला आधी लागेल. मी काही तुला बोलत नाहीये, काएतान."

"अहो, मग हाक मारायची! मी..." पण तो काय करणार होता? शेडमध्ये शेकडो बॉयलर होते आणि त्यातल्या एकालाही हात लावायची त्याला परवानगी नव्हती. बसवला असता तरी गोळ्या कुठून आणल्या असत्या? वितोल्दला फोन करावा, तर तोच कामाच्या शोधात डेन्मार्कला गेला होता. तिची मुलगी फोन उचलत नव्हती. काएताननं म्हातारीला उचलून आपल्या घरी आणायचं म्हटलं, तर ती पलंगाचा खांब धरून बसली.

"मला कुणाच्या घरी नेऊ नकोस. माझं लाकूड मागे पडवीत आहे. ते जळेल असं काहीतरी दे मला. तूच दिलं होतंस, तूच नेलंस."

तो घरी आला आणि बोग्नाला सगळं सांगितलं. ती नळी नाकाला लावून पडली होती. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"तो कुठे आहे?"

"कोण?"

"हावऱ्या तिचा."

"आवारात. भंगारात. त्याला सील लावलं नाही, त्याची कुणी मोजदादच केली नाही."

"मग आण."

"बोग्ना, वारा तिकडूनच येतो."

"मला माहीत आहे वारा कुठून येतो. मी दिवसभर इथेच असते." तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत तो उभा राहिला. "ती तिथे कुडकुडत मरेल आणि मी इथे बसून बघत राहू? अशानं मिळालेला श्वास मला नको. जा, आण तो."

त्यानं सुताराला, इग्नात्सीला सोबत घेतलं. दोघे म्हातारे, एक भाड्याची गाडी, आणि बर्फात अर्धा पुरलेला हावऱ्या. पहारीनं उकरून काढावा लागला. आत पाणी नव्हतं म्हणून फुटला नव्हता. गंजला होता, पण काएताननं ठोकून पाहिलं तर पत्रा अजून घंटेसारखा वाजला.

"मरत नाही बघ," सुतार म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

तळघरात त्यांनी गॅसचा नळ बाजूला केला, जुना जोडला. जोड नीट बसले. दाराच्या खाचेत ती जुनी पांढरी दोरी होती. तशीच घट्ट. बोग्नाच्या बोटांनी बसवलेली. त्यानं सुताराला वर जायला सांगितलं आणि एकट्यानं आग पेटवली. हावऱ्यानं आधी ओल्या ढलप्या घेतल्या, मग खुर्चीचा पाय, मग सगळंच. थोड्या वेळानं वरचे नळ टकटकायला लागले. वरून ओतिलियाचा आवाज आला, "काएतान! लागली रे! लागली ऊब!"

तो बाहेर आला तेव्हा धुराडं पिवळट काळा धूर ओकत होतं. धूर वर चढला नाही. थंडीनं दाबला गेला, गल्लीत उतरला आणि हळूहळू समोरच्या घराकडे गेला. खिडकीत बोग्ना होती. तिनं हात वर केला, आणि पडदा ओढून घेतला.

काएताननं खिडक्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली घोंगडी लावली. जंगलात जाऊन वाळकी लाकडं आणली, ती बारीक फोडून ओतिलियाच्या तळघरात रचली, तिला बजावलं की दुसरं काही घालायचं नाही. तिला पायऱ्या उतरवेनात, म्हणून आग घालायला तोच जायला लागला. कोरडं लाकूड, वरून पेटवायचं, हवा बेताची सोडायची. धूर कमी व्हायचा. नाहीसा व्हायचा नाही. तो बॉयलर तसा बनवलेलाच नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बोग्ना मार्चमध्ये गेली. धुरानं गेली की दोरीनं गेली की तिची वेळच आली होती, ते कुणी सांगितलं नाही. पोझनानच्या डॉक्टरणीला त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तसं वेगळं काढता येत नाही हो." शेवटच्या दिवसांत बोग्ना फारशी बोलत नव्हती. एकदा त्याला म्हणाली, "टेबलाशी बसून जेव. किती दिवस उभ्यानं जेवणार आहेस?" तो बसला. सूप पुढ्यात होतं. चमचा त्यानं उचलला नाही, पण ती पाहत होती म्हणून तो बसून राहिला.

अंत्यविधीला ओतिलिया आली. सुतारानं तिला हाताला धरून आणलं. थडग्याशी ती काएतानसमोर येऊन उभी राहिली. त्यानं तिचा कोट नीट केला आणि म्हणाला, "घरी जा. गार वारा आहे. मी येतो आग घालायला."

पुढच्या हिवाळ्यातही तो आग घालत राहिला. गल्लीत तेवढं एकच धुराडं काळं उरलं होतं. एके सकाळी नगरपालिकेचे दोन पहारेकरी आले. धूर हुंगणारं त्यांचं उडतं यंत्र गल्लीवर घिरट्या घालत होतं. ते तळघरात उतरले तर तिथे काएतान फावडं घेऊन उभा.

"हे घर तुमचं?"

"नाही."

"मग तुम्ही इथे काय करताय? हा बॉयलर चालवायला बंदी आहे, माहीत नाही का? कुठल्या मूर्खानं बसवला हा इथे?"

"मीच बसवला," काएतान म्हणाला. "बनवलाही मीच."

पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग त्यानं दारावर कोरलेलं मुशेलाक हे नाव वाचलं, आणि म्हाताऱ्यानं दंडाच्या कागदासाठी सांगितलेलं नाव पाहिलं. तो थोडा नरमला. म्हणाला, "आजोबा, दंड लावावाच लागेल. आणि हा आज विझवा."

"वर नव्वदीची बाई आहे. विझवल्यावर तिचं काय करू, तेवढं लिहून द्या."

ते त्यांना लिहून देता येण्यासारखं नव्हतं. वरून ओतिलिया ओरडली, "कोण आहे रे, काएतान?"

"कुणी नाही, ओतिलियाबाई. मीटर बघायला आलेत."

पहारेकरी गेल्यावर त्यानं आणखी एक लाकूड आत सरकवलं.

ईस्टरच्या आधी नगरपालिकेच्या बाईंनी ओतिलियाला कालिशच्या वृद्धाश्रमात नेलं. काएतान तिला एकदा भेटून आला. तिथे इतकं उकडत होतं की ती नुसत्या झग्यावर बसली होती आणि खिडकी उघडा म्हणून सगळ्यांच्या मागे लागली होती. तिनं त्याला ओळखलं नाही. उन्हाळ्यात ती गेली. दूरदेशीच्या मुलीनं घर विकलं, आणि घेणाऱ्यानं तळघरातला हावऱ्या गॅसच्या ज्योतीनं तुकडे करून भंगारात दिला. सबंध दिवस कापत होता. काएतान अंगणात बसून तो आवाज ऐकत राहिला.

गावाबाहेरच्या शेडमध्ये आता सोफे शिवतात. फाटकावरची लोखंडी अक्षरं काढून टाकली. वितोल्द डेन्मार्कमध्ये दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करतो. रविवारी फोन करतो. बोलायला दोघांकडेही फारसं नसतं, म्हणून तो नेहमी हवेबद्दल विचारतो. परवाही त्यानं विचारलं, "बाबा, तिकडे हवा कशी आहे?"

काएतान खिडकीशी उभा होता. बाहेर कडक थंडी होती, आकाश निळंशार, समोरच्या नव्या छपरापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

त्यापुढे त्याला बोलता येईना. वितोल्द बराच वेळ हॅलो, हॅलो करत राहिला. त्याला वाटलं, लाइन तुटली.